रुजू होण्याचा दिनांक

माझ्या कपाटात एकाच विषयाची पाच जाड पुस्तकं आहेत आणि पाचही रद्दीत घालायच्या लायकीची आहेत. नव्या कामगार कायद्यांची. दिल्लीत एकोणतीस जुने कायदे मोडून चार संहिता केल्या, त्या संसदेत मंजूर झाल्या, त्यांवर सही झाली, आणि मग त्या कुठल्याशा फायलीत जाऊन बसल्या. पुस्तकं छापणाऱ्यांना मात्र दम नव्हता. दर वर्षी नवी आवृत्ती, वर लाल पट्टी: ‘एक एप्रिलपासून लागू होण्याची शक्यता’. दर मार्चला मी एक प्रत मागवायचो. एप्रिल यायचा आणि जायचा. बायको म्हणायची, लग्न ठरलेलं नसताना दर वर्षी नवा सूट शिवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय.

नंदुरबारला स्टेशन रोडवर झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. बाहेर ‘कामगार कायदे सल्लागार’ असा बोर्ड आहे. मी वकील नाही. बी.कॉम. झालो, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, काही वर्षं काढली, तिथे जे शिकलो त्यावर ही खोली चालते. लोक वकीलसाहेब म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. दुकानांची नोंदणी, पीएफचे फॉर्म, हजेरीची रजिस्टरं, इन्स्पेक्टर येणार असेल तर आदल्या दिवशीची धावपळ, हे माझं काम. गिऱ्हाइकं म्हणजे कापसाच्या दोन जिनिंग, बाजारातली काही दुकानं आणि मिरचीवाले.

मिरचीवाल्यांचं काम वर्षातून चार महिने असतं. ओली लाल मिरची बाजारात उतरते, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेर मोकळ्या शेतात पसरून वाळवतात. त्या शेताला पथारी म्हणतात. पसरणं, उलथणं, पांढरी पडलेली फटकी वेगळी काढणं, देठ खुडणं, हे सगळं बायका करतात. बहुतेक जणी सातपुड्यातल्या पाड्यांवरून हंगामाला खाली येतात आणि पथारीच्या कडेलाच झोपड्या घालून राहतात. तोंडाला फडकं, हाताला जुने मोजे. बाहेरच्या माणसाने पथारीत पाऊल टाकलं की त्याला आधी ठसका लागतो आणि मग बोलता येतं. मला इतक्या वर्षांनीही लागतो. त्या खोकत नाहीत.

माझे एक मिरचीवाले शेठ होते. माणूस वाईट नव्हता. बाया आजारी पडल्या तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा, होळीला गावी जायला टेम्पो करून द्यायचा. कागदाला मात्र भारी भ्यायचा. तो म्हणायचा, ‘‘साप चावना तं मंतर शे, कागद चावना तं काय शे?’’

त्याच्या पथारीवर एक रीत होती. इतरांकडेही थोडीफार असेल, पण त्याच्याकडे ती फार पाळत. हंगामाच्या पहिल्या दिवशी जमीन झाडून, चोपून तयार करायची, नारळ फोडायचा, आणि ओल्या मिरचीची पहिली पाटी पथारीतल्या सगळ्यात जुन्या बाईने ओतायची. जुनी म्हणजे वयाने नाही, हंगामांनी. तिने पाटी ओतून हाताने मिरची पातळ पसरली की मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, अशा साठेक बाया ओळीने ओतत जात. या ओळीची कुठे यादी नव्हती. मी एकदा विचारलं होतं की तुम्हांला लक्षात कसं राहतं. तेव्हा पहिल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवताना घास कुठे घालायचा ते विचारलं होतं.

‘‘कोन कोना मांगे उनी, हाई माहीत नही ऱ्हावाव का?’’ ती म्हणाली.

ही गोष्ट त्याच बाईची. उंच, काटक, उजव्या हाताच्या नखांचा रंग कायमचा तांबूस झालेला. घरी ती पाड्यावरची पावरी भाषा बोले, आमच्याशी अहिराणी. कोरोना सरत आला तेव्हा सरकारने मजुरांची कार्डं काढायला सुरुवात केली होती आणि शेठने बायांच्या तुकड्या माझ्याकडे पाठवल्या होत्या. फॉर्ममध्ये एक रकाना होता, कामाचा अनुभव किती वर्षं. बाकीच्या जणी दहा, पंधरा, वीस असं काहीही सांगत आणि मी ते भरत होतो. ही बाई मात्र तिथे अडली. आकडा तिला माहीत नव्हता, आणि अंदाजाने सांगायला ती तयार नव्हती.

मग तिने शेतं सांगितली. पथारीची जागा कायम नसते. गाव वाढतं, शेताचे प्लॉट पडतात, पथारी आणखी बाहेर सरकते. ती म्हणाली, पहिली पथारी स्टेशनाच्या पलीकडे होती, तिथे मी चार हंगाम केले. तेव्हा मोठी पोर झोळीत होती. मग पाण्याच्या टाकीजवळचं शेत, तिथे लिंबाचं झाड होतं, त्या झाडाखाली आम्ही भाकरी खायचो, तिथे सहा. मग बायपासच्या कडेला नऊ. तिथे एकदा हंगामाच्या मधोमध पाऊस आला आणि सगळी मिरची वाहून रस्त्यावर गेली, ट्रकांची चाकं लाल झाली. आणि मग रनाळ्याच्या वाटेवरचं हे शेत, त्याला तीन झाले. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत ती बोलत होती. मी बेरीज केली. बावीस.

‘‘बावीस वर्षं झाली की,’’ मी म्हणालो.

‘‘व्हयी असतीन,’’ ती म्हणाली. ‘‘पन हाई कोठेच लिखेल नही. माले एक डाव दवाखानामा इचारं, काय काम करस? मी सांगं, मिरचीनं. त्यानी लिखं, काही नही. इतली वरीस मंग कथा गयात?’’

तक्रारीचा सूर नव्हता तिचा. हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसं तिने विचारलं. आणि तिथे मी शहाणपणा केला. माझ्या समोर नवीनच आलेलं पुस्तक होतं, आणि मला ते कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं. बायको ऐकत नव्हती. मी त्या बाईला सांगितलं की आता नवा कायदा येतोय, प्रत्येक कामगाराला मालकाने नियुक्तीपत्र द्यायचं आहे, त्यावर नाव, काम, आणि कामाला कधी लागला ते लिहायचं आहे. तुझी वर्षं त्यावर येतील.

‘‘खरं?’’

‘‘कायद्यात छापलंय,’’ मी म्हणालो.

त्याच सुमारास राज्य सरकारचे नियमांचे मसुदे निघाले होते आणि दीड महिन्याच्या आत हरकती नि सूचना मागवल्या होत्या. नंदुरबारातून अशा हरकती कोण पाठवतो? मी पाठवली. हे लोकांच्या कळवळ्याने केलं असं मी म्हणणार नाही. बोर्डाखाली चार ओळी जास्त लिहिता येतील, हा हिशेब होता. विषय मात्र त्या बाईचा घेतला. हंगामी कामगाराचे मागचे हंगाम नियुक्तीपत्रात धरावेत, अशी सूचना, आणि उदाहरण म्हणून तिची चारही शेतं, हंगामांसकट, लिंबाच्या झाडासकट. तिचा अंगठा घेतला. एक प्रत पोस्टाने मुंबईला गेली, दुसरी इथल्या कार्यालयात दिली आणि तिसरीवर पोच घेतली. निळा गोल शिक्का, आवक क्रमांक, कुणाची तरी किरटी सही. ही शिक्क्याची प्रत मी फ्रेम करून खुर्चीच्या मागे भिंतीवर लावली. येणारं गिऱ्हाईक वाचत बसे आणि मला बरं वाटे. मुंबईहून दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. ते मी फ्रेम केलं नाही.

मग थांबणं सुरू झालं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे सहा महिन्यांना कुणी विचारत नव्हतं. हे राज्य नियम करतंय, ते राज्य करत नाही, संघटनांचा विरोध आहे, निवडणूक आहे, निवडणूक झाली की बघू. मालक लोक दर एप्रिलच्या आधी घाबरून फोन करत आणि मेमध्ये मला विसरत. त्या बाईचं तसं नव्हतं. ती दर हंगामाला, खाली आल्यावर पहिल्या बाजाराच्या दिवशी जिना चढून यायची. पायरीपाशीच उभी राहायची.

‘‘भाऊ, तो कायदा उना का?’’

‘‘यी ऱ्हायना,’’ मी म्हणायचो.

‘‘बरं,’’ म्हणून ती जायची. पहिल्या वर्षी मला गंमत वाटली, दुसऱ्या वर्षी कौतुक वाटलं. तिसऱ्या वर्षी तिचं पाऊल जिन्यावर ऐकलं आणि मी फोन कानाला लावून बसलो. पलीकडे कुणी नव्हतं. ती माझं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली, म्हणून मला पाच मिनिटं एकट्यालाच बोलावं लागलं.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी कायदा आला. काही वाजलं नाही, गाजलं नाही. दुपारी मोबाइलवर बातमी आली, आजपासून चारही संहिता लागू. आमच्याकडचे नियम अजून मसुद्यातच होते. म्हणजे वरातीमागून घोडं. पण कायदा तो कायदा. संध्याकाळपर्यंत माझी सगळी गिऱ्हाइकं फोनवर होती, आणि मी पाचही पुस्तकं टेबलावर उघडी टाकून प्रत्येकाला वेगवेगळ्या पानावरून धीर देत होतो.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. पथारीची जमीन वाळली नव्हती, हंगाम दिवाळीनंतरही अडून होता. शेठला त्यात संधी दिसली. हंगाम सुरू व्हायच्या आतच सगळ्यांची नियुक्तीपत्रं तयार ठेवू, पहिल्याच दिवशी वाटू, कटकट मिटेल. त्याने आणखी एक गोष्ट त्या पावसाळ्यातच करून ठेवली होती. सुरतच्या कुणा नातेवाइकाच्या सल्ल्याने त्याने धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली होती. जुनी पेढी बंद, नवी कंपनी सुरू. लेटरहेड गुळगुळीत कागदावर छापून आलं होतं, वर दोन मिरच्यांचं चित्र.

पत्राच्या नमुन्यात एक रकाना आहे, रुजू होण्याचा दिनांक. मी शेठला विचारलं, इथे काय घालायचं?

‘‘पथारी जव्हय सुरू व्हयी, ती तारीख,’’ तो म्हणाला. ‘‘बठ्ठास्ले एकच.’’

‘‘सगळ्यांना एकच कशी? जुन्या बायका आहेत, शेठ.’’

‘‘कंपनी चार महिनानी शे. चार महिनानी कंपनीमा सव्वीस वरीसनी बाई कशी लागी?’’ तो हसला. मग जरा गंभीर झाला. ‘‘हंगाम सरना का संबंध सरना. दर साल नवं काम. मांगलं शेपूट माले नको.’’

या दोन्ही गोष्टींना कायद्यात उत्तर होतं. धंदा तोच, माणसं तीच, जागा तीच असेल तर नुसता बोर्ड बदलून मागची सेवा पुसता येत नाही, हे मला टाइम ऑफिसात असल्यापासून माहीत होतं. हंगामी कामगाराबद्दलही पुस्तकात दोन पानं होती. मी एकदा म्हणालो, तारीख खरी घालावी असं आहे. शेठ म्हणाला, बघू. आणि मी बघू म्हणालो. खरं सांगायचं तर साठ बायांचे पहिले हंगाम शोधत बसण्यापेक्षा एक तारीख साठ वेळा चिकटवणं मला सोपं होतं. पथारीचा मुहूर्त ठरला तशी एका सकाळी काम उरकलं. सगळं टाईप करताना त्या बाईच्या नावाशी माझा हात थांबला होता, हेही सांगतो. पाठीमागे भिंतीला तिची फ्रेम होती. मी मान वळवली नाही आणि पुढच्या नावावर गेलो.

पथारी डिसेंबरात उघडली. शेठने मला मुद्दाम बोलावलं होतं. टेबल, खुर्ची, शाईचा पॅड, शेजारी नारळ आणि अगरबत्ती. थंडी होती, ट्रॅक्टरमधून ओली मिरची उतरत होती आणि मी सवयीप्रमाणे खोकत होतो. बाया ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या बसण्यातही तीच ओळ होती, पहिली ती, मग तिच्या मागची. तिने नवं लुगडं नेसलं होतं. इतर वर्षी पहिल्या दिवशी ती कामाच्याच कपड्यांत असे.

‘‘उना ना तो कायदा, भाऊ?’’ ती म्हणाली. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

‘‘उना,’’ मी म्हणालो.

पत्र घेऊन ती टेबलापासून दूर झाली नाही. कागद तिने दोन्ही हातांत आडवा धरला होता. ओळीच्या शेवटाकडे सातवी शिकलेली एक बाई होती, पथारीत तिचा तो दुसराच हंगाम. तिला हाक मारून तिने वाचायला सांगितलं. ती मोठ्याने वाचू लागली. नाव बरोबर, काम बरोबर, गाव बरोबर. मग रुजू होण्याचा दिनांक, आणि आजची तारीख.  जुन्या बाईने वाचणारीला टेबलावरच्या गठ्ठ्यातलं तिचं स्वतःचं पत्र वाचायला लावलं. मग मागच्या दोघींची. चारही पत्रांत तीच तारीख.

मी शाईचा पॅड उगाचच बंद करून उघडला.

शेठने नारळ फोडला. पहिली पाटी भरून तयार होती. त्याने हाक दिली की चला, ओता. ती जागची हलली नाही.

‘‘कागदवर आमी बठ्ठ्या आजच लागेल शेत,’’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘मंग पहिली पाटी कोनी ओतानी?’’

‘‘अवं, तो कागद सरकारले दखाडाना शे,’’ शेठ म्हणाला. ‘‘पाटी आपली शे. तू जुनी शे, हाई काय कोनाले माहीत नही?’’

‘‘मंग सरकारले काय दखाडी ऱ्हायनात? मी आज उनी?’’

शेठने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी सल्लागार होतो. मी म्हणालो, ‘‘कायद्यात पहिल्या पाटीचं काही नाही.’’ इतकं निरर्थक वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन, आणि बोलताना मला ते मोठं मुद्देसूद वाटलं होतं.

शेठने तिच्या मागच्या बाईला सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या मागचीला सांगितलं, तिने पदर तोंडाला लावला. कुणी भांडलं नाही, घोषणा नाही, काम बंद नाही. एवढंच की ओळीत आता पहिली कुणी नव्हती, आणि पहिलीशिवाय दुसरीला पुढे जाता येत नव्हतं. सातवी शिकलेलीला शेठने म्हटलं, तू तरी. ती रडायलाच लागली.

शेवटी शेठने बाह्या सारून पाटी स्वतः उचलली. त्याच्या बापाने कधी उचलली असेल, त्याने नव्हती. ती ओतली तेव्हा सगळी मिरची एका जागी ढिगाने पडली आणि त्याला असा ठसका लागला की डोळे पुसायला रुमाल पुरला नाही. बाया उठल्या. ढीग तसा ठेवला तर खालची मिरची कुजते, म्हणून त्यांनी तो पसरला. तीही वाकली, तिनेही पसरला. मग पाट्या आल्या, जिला जी हाताला लागली ती तिने ओतली. काम नेहमीसारखं सुरू झालं. ओळ मात्र झाली नाही, आणि दर वर्षी ओतताना म्हणतात ते गाणं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. मी चहा न घेता निघालो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते आहे याचा रागही येत होता.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती म्हणाली, ‘‘तारीख कुणी टाईप केली?’’ मी म्हणालो, शेठने सांगितली. ‘‘टाईप कुणी केली?’’ तिने पुन्हा विचारलं. मी उठून बाहेर गेलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जिन्यावर पाऊल वाजलं. या वेळी मी फोन उचलला नाही. ती पायरीपाशी थांबली नाही, आत येऊन समोरच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बसली होती. ती शिव्या देईल अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘तो तव्हयना कागद कोठे शे?’’ तिने विचारलं. ‘‘मन्हा अंगठा लेयेल.’’

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिने फ्रेम पहिल्यांदाच नीट पाहिली. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती, पण ती तिचीच आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘वाची दखाडा.’’

मी उठून फ्रेम काढली आणि वाचली. स्टेशनापलीकडचं शेत, चार हंगाम. पाण्याच्या टाकीजवळचं, सहा. लिंबाचं झाड. बायपास, नऊ. ती पेरांवर अंगठा सरकवत ऐकत होती. रनाळ्याची वाट, तीन, असं म्हणून मी थांबलो.

‘‘मांगनी चार ऱ्हायनी,’’ ती म्हणाली.

‘‘ती नंतरची आहेत.’’

‘‘मंग लिखा.’’

शिक्का पडलेल्या कागदावर नंतर लिहिलेल्या मजकुराला कवडीची किंमत नसते, हे मला कुणी शिकवायला नको. मी तिला ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, लिखा. मी फ्रेमची मागची पट्टी काढली, कागद टेबलावर घेतला आणि निळ्या शिक्क्याखाली पेनाने लिहिलं: रनाळ्याच्या वाटेवरचं शेत, आणखी चार हंगाम, एकूण सव्वीस. मी झेरॉक्स काढून द्यायला निघालो, खाली दुकानच आहे. तिने हात आडवा केला. तिला शिक्क्याचाच हवा होता.

मग तिने कमरेच्या पिशवीतून नियुक्तीपत्र काढलं. मिरच्यांच्या चित्राचं, चार घड्या घातलेलं. ते तिने माझ्यासमोर ठेवलं.

‘‘हाऊ कागद तुमना,’’ ती म्हणाली. ‘‘तो मन्हा.’’

‘‘हे असू दे जवळ, उपयोगी पडेल,’’ मी म्हणालो. हे खरंही होतं. कायद्याने तेच उपयोगी होतं.

‘‘पुढला साल पहिली पाटी मी ओतसू,’’ ती म्हणाली. ‘‘तव्हय हाऊ शिक्काना कागद दखाडसू. तुमी सही करा. माले माहीत शे, असं लिखा.’’

 सही म्हणजे साक्ष. शेठ माझं गिऱ्हाईक होता, आणि त्या कंपनीत सगळ्या जणी त्या डिसेंबरातच रुजू झाल्या हे मीच टाईप केलं होतं. मी शिक्क्याखालची ओळ दोनदा वाचली. मग लिहिलं: ही बाई सव्वीस हंगाम पथारीवर आहे, हे मला माहीत आहे. खाली सही केली, पूर्ण नावाने. लोक म्हणतात ते वकीलसाहेब नाही, माझ्या बापाने ठेवलेल्या नावाने.

सहीखाली दिनांक घालायचा असतो. माझं पेन तिथे टेकलं. ती समोर बसून बघत होती, पेन का थांबलं ते तिला कळलं असावं.

‘‘टाका तारीख,’’ ती म्हणाली. ‘‘आजनी टाका. तुमी आजच उनात.’’

मी आजची तारीख टाकली.